चंद्रावरचा दिलीप : पर्वतांची नावे आणि नाव देण्याचा अधिकार

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत मराठीत एका मात्रेचे अंतर आहे. आमच्या पूर्वजांच्या वाट्याला बहुधा दुसरेच आले. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम सांगितलेला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे ऐकणाऱ्याला किळस यावी असे असावे. गावगाड्यात हा श्लोक कोणी वाचून पाळला असेल असे नव्हे. पण गावाच्या जिभेने तो पाळला. दगडू, धोंडू, कचरू ही नावे आमच्या वाडवडिलांत घरोघर होती. मूल जगावे म्हणून नवसाने ठेवलेली नावे त्यांत होती हे खरे. परंतु आईबापांनी हौसेने रामचंद्र ठेवले तरी गावाच्या तोंडी त्याचा राम्या होई आणि म्हातारपणीही तो राम्याच राही, हेही तितकेच खरे आहे.

म्हणूनच १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्त्यांतून सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, आनंद अशी नावे उमटू लागली तेव्हा तो केवळ धर्मांतराचा परिणाम नव्हता; नाव देण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेतला होता. पुढे २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका ठरावाला अमलात यायला सोळा वर्षे लागली. 'नावात काय आहे?' असे विचारणाऱ्या शहाण्यांना या सोळा वर्षांनी उत्तर दिलेले आहे.

मी व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ नव्हे. शाळेत भूगोल शिकविला आणि निवृत्तीनंतर नवी मुंबईत कामोठ्याला राहतो. नकाशा वाचण्याची सवय अंगवळणी पडलेली असल्यामुळे चंद्राचे नकाशेही मी त्याच सवयीने वाचतो. कोणत्याही नकाशात डोंगर-दऱ्यांच्या आधी मला दिसतो तो नाव घालणारा हात. तो कोणाचा, हा प्रश्न चंद्राच्या बाबतीत विचारला तर चार शतकांचा एक इतिहास हाती लागतो. तो आमच्या प्रश्नापासून फार दूरचा नाही.

चंद्रावर पर्वत आहेत, ही गोष्टच मुळी एका व्यवस्थेला धक्का देणारी होती. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत विश्वाचे दोन भाग मानलेले होते. खाली पृथ्वी : मलिन, बदलणारी, नाशवंत. वर आकाश : शुद्ध, अविकारी, परिपूर्ण. वरचे वर आणि खालचे खाली. ही सोवळ्या-ओवळ्याची उतरंड आपल्याला शिकवावी लागत नाही. गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बीण चंद्राकडे वळविली आणि १६१० मध्ये आपली निरीक्षणे छापली. चंद्राच्या अंधाऱ्या भागात त्याला प्रकाशाचे सुटे ठिपके दिसले. सूर्य उगवताना खालचे मैदान काळोखात असते आणि शिखर आधी उजळते. तसेच हे, असे त्याने ओळखले. प्रकाशरेषेपासून ते ठिपके किती दूर आहेत हे मोजून त्याने पर्वतांची उंची काढली. पुढच्या निरीक्षकांनी पर्वतांच्या सावल्यांची लांबी मोजून तेच काम अधिक काटेकोर केले. चंद्र पृथ्वीसारखाच खडबडीत निघाला. आकाशाचे सोवळे सुटले.

येथे मला थांबून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पेशवाईत सवर्ण रस्त्याने येत असता अस्पृश्याला त्या रस्त्यावर मज्जाव असे, कारण त्याची सावली पडून विटाळ होई. ज्या काळात युरोपातील माणसे सावली मोजून चंद्रावरील पर्वतांची उंची ठरवीत होती, त्या काळात आमच्याकडे सावलीचे शास्त्र एवढेच होते. माणसाच्या सावलीला भिणारी विद्या पर्वताची सावली मोजायला कधी जाणार?

गॅलिलिओने चंद्रावरील पर्वतांना नावे दिली नाहीत. गुरूच्या चार उपग्रहांना मात्र त्याने आपल्या आश्रयदात्या मेडिची घराण्याचे नाव दिले. आश्रयदात्याचे नाव आकाशाला देण्याची ही वहिवाट पुढे चंद्रापर्यंत आली. मायकेल व्हान लांग्रेन हा स्पेनच्या राजाचा नकाशाकार. १६४५ च्या आपल्या नकाशात त्याने चंद्रावर राजे, राण्या, सरदार आणि संत यांची गर्दी केली. सर्वांत मोठ्या काळ्या पट्ट्याला, म्हणजे त्या वेळच्या समजुतीप्रमाणे महासागराला, त्याने फिलिप राजाचे नाव दिले. ही नावे टिकली नाहीत. राजाचा महासागर गेला.

दोनच वर्षांनी, १६४७ मध्ये, डान्झिगच्या जोहान्स हेवेलियसने चंद्रावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा गृहस्थ धंद्याने बिअर गाळणारा. माणसांची नावे दिली तर मत्सर माजेल, या धास्तीने त्याने पृथ्वीवरच्या भूगोलाची नावे चंद्रावर नेली. आपेनाइन, आल्प्स ही चंद्रावरील पर्वतरांगांची नावे त्याच्यापासून चालत आलेली आहेत. आजही चंद्राच्या दृश्य बाजूवर सुमारे ६०० किलोमीटर लांबीची आपेनाइन रांग दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. जुलै १९७१ मध्ये अपोलो-१५ चे यात्री याच रांगेच्या पायथ्याशी, हॅडली पर्वताजवळ उतरले. याच रांगेतील हायगेन्स पर्वत सुमारे साडेपाच किलोमीटर उंच आहे.

तिसरी पद्धत बोलोन्याच्या रिच्चिओली नावाच्या जेझुइट धर्मगुरूची. त्याने १६५१ मध्ये, आपला सहकारी ग्रिमाल्डी याने काढलेल्या नकाशावर, विवरांना तत्त्वज्ञ आणि ज्योतिर्विद यांची नावे दिली. कोपर्निकसचे मत त्याच्या चर्चला मान्य नव्हते. तरी एका अत्यंत तेजस्वी विवराला त्याने कोपर्निकसचे नाव दिले. स्वतःचे आणि ग्रिमाल्डीचे नाव घालायलाही तो विसरला नाही. विवरांच्या बाबतीत रिच्चिओली टिकला, पर्वतांच्या बाबतीत हेवेलियस. म्हणून आज चंद्रावर सर्वसाधारण नियम असा आहे की विवरांना विद्वानांची नावे, आणि पर्वतांना पृथ्वीवरील पर्वतांची किंवा जवळच्या विवराची.

पृथ्वीवरील पर्वतांची म्हणजे कोणत्या पृथ्वीवरील? चंद्राच्या रांगांची यादी पाहा : आपेनाइन, आल्प्स, कार्पेथियन, कॉकेशस, जुरा, पिरेनीज, टॉरस, हीमस, कॉर्डिलेरा. या यादीत हिमालय नाही, सह्याद्री नाही. हेवेलियसला द्वेष होता असे मी म्हणत नाही. त्याने भूमध्य समुद्राभोवतीचा आपला जुना भूगोल उचलला आणि वर टांगला. नकाशा करणारा माणूस आपले अंगण जगाचे अंगण समजतो, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे निराळे घडले नाही. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानवर चढला आणि माथेरानचा 'शोध' लागला. ठाकर आणि कातकरी त्या डोंगरात पिढ्यानपिढ्या राहत होते. त्यांनी शोध लावलेला नव्हता काय? पण लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, शार्लोट लेक ही नावे नकाशावर चढली आणि पनवेलच्या बाजूने डोंगर चढणाऱ्यांच्या पायवाटांची नावे कोणी लिहून घेतली नाहीत. महारांचे तेच. गावाची शीव कोठून कोठे जाते हे सांगण्याचे काम वतनाने महाराकडे होते. शिवेचा तंटा उठला की त्याचीच साक्ष निघे. जमीन ज्याच्या पायाला तोंडपाठ होती त्याच्या हाती लेखणी नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी चंद्राच्या नावांत गोंधळ माजलेला होता. एकाच पर्वताला तीन नकाशांत तीन नावे, अशी स्थिती. हा गुंता सोडविला तो मेरी ब्लॅग या इंग्रज बाईंनी. त्या कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीधर नव्हत्या. भावाच्या शाळेच्या पुस्तकांवरून त्या गणित शिकल्या. त्यांनी तुलना करून तयार केलेली यादी १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९१६ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सभासद करून घेतले, त्या पहिल्या स्त्रियांत त्या होत्या. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघ स्थापन झाला आणि ब्लॅग व म्यूलर यांची अधिकृत यादी १९३५ मध्ये निघाली. तेव्हापासून चंद्रावरचे नाव ही कोणा राजाची वा एकट्या निरीक्षकाची मालमत्ता राहिली नाही. १९७३ मध्ये सिडनीच्या अधिवेशनात संघाने ग्रहांवरील नावांसाठी एक स्वतंत्र कार्यगट नेमला. आज नाव सुचते ते बहुधा त्या भागाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाकडून. कार्यगट ते तपासतो. आणि मंजूर झालेले नाव अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्याकडील सूचीत नोंदले जाते.

अवकाशयाने चंद्राच्या पाठीमागे जाऊन आली तेव्हा नावांची एकदम टंचाई पडली. पलीकडच्या बाजूवरील विवरांना १९७० मध्ये शेकड्यांनी नावे देण्यात आली. भाभा, बोस, साहा, मित्र ही भारतीय नावे तेव्हाची. यांतील मेघनाद साहा यांचे नाव आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका गरीब दुकानदाराचा हा मुलगा. जात खालची मानलेली. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थ्यांच्या पंक्तीला त्यांना बसू दिले जात नसे. ताऱ्यांच्या तापमानाचे गणित त्यांनी १९२० मध्ये मांडले आणि त्यांचे नाव चंद्रावर गेले. पंक्तीतून उठविणाऱ्यांची नावे कोठे आहेत?

आता या लेखाच्या शीर्षकातील दिलीप. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूवर किंग नावाचे सुमारे ७६ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. किंग म्हणजे राजा नव्हे. त्या आडनावाच्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांच्या स्मरणार्थ ते नाव आहे. या विवराच्या मध्यभागी खेकड्याच्या नांगीसारखा एक डोंगराचा पुंजका आहे. त्यातील शिखरांना १९७६ मध्ये नावे देण्यात आली : आन्द्रे, अर्देशीर, डीटर, दिलीप, गानाऊ. एक फ्रेंच, एक इराणी, एक जर्मन, एक भारतीय, एक आफ्रिकी. अधिकृत सूचीत दिलीपपुढे एवढाच खुलासा आहे : भारतीय पुरुषाचे नाव. कोणता दिलीप? कोणताही नाही. रघुवंशातला राजा नव्हे, शास्त्रज्ञ नव्हे, पुढारी नव्हे. नकाशाच्या सोयीसाठी निरनिराळ्या देशांतील साधी पहिली नावे छोट्या खुणांना दिली गेली, त्यांतले हे एक.

मला हे नाव फार विचार करण्यासारखे वाटते. भारतात नुसत्या दिलीपला कोणी दिलीप राहू देत नाही. दिलीप हे नाव बौद्धांत आहे, मातंगांत आहे, मराठ्यांत आहे, ब्राह्मणांतही आहे. म्हणूनच त्याच्या मागोमाग प्रश्न येतो, 'पूर्ण नाव?' मी नवी मुंबईत प्रथम भाड्याचे घर शोधू लागलो तेव्हा एका घरमालकाने माझी नोकरी, पगार, कुटुंब सर्व ऐकून घेतले, मान डोलावली आणि शेवटी आडनाव विचारले. आडनाव सांगितल्यावर घर 'आधीच दिलेले' निघाले. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. वाचकांपैकी पुष्कळांना तो पाठ असेल. आडनाव हा आपल्या समाजाचा जकातनाका आहे. असा नाका नसलेला एक भारतीय दिलीप पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूला उभा आहे. हे योगायोगाने झाले, कोणा क्रांतिकारकाच्या हेतूने नव्हे, हे मी जाणतो. पण जातीविषयी काही ठाऊक नसलेल्या परक्या माणसाला भारतीयाचे नाव लिहिताना आडनावाची गरज वाटली नाही, यातून गरज कोणाची आहे ते सिद्ध होते.

पुढच्या काळात पर्वतांच्या नावांत आणखी माणसे आली. अपोलो-८ च्या जिम लॉवेलने १९६८ मध्ये चंद्राभोवती फिरताना एका त्रिकोणी पर्वताला आपल्या बायकोचे, मॅरिलिनचे, नाव दिले. ते घरगुती नाव संघाने २०१७ मध्ये अधिकृत केले. चीनची याने उतरली तशी ताइ, हुआ, हेंग या चिनी पर्वतांची नावे २०१९ आणि २०२१ मध्ये चंद्रावर गेली. हेवेलियसच्या अंगणाची भिंत अशी पडली. तिचे कारण चांगुलपणा नव्हे. चिनी लोकांनी तेथे यान उतरविले आणि स्वतः नकाशे केले, हे कारण आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे नाव २०२३ चे आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सपाट माथ्याचा, सुमारे सहा किलोमीटर उंचीचा एक प्रचंड पर्वत आहे. त्याला मेल्बा रॉय माउटन या कृष्णवर्णीय अमेरिकन गणितज्ञ स्त्रीचे नाव मिळाले. १९२९ मध्ये व्हर्जिनियात, म्हणजे काळ्या-गोऱ्यांची शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी अशा प्रांतात त्यांचा जन्म झाला. हॉवर्ड विद्यापीठात त्या गणित शिकल्या आणि १९५९ मध्ये नासात दाखल झाल्या. इको उपग्रहांच्या कक्षांचे गणित करणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला नव्हे, अशी आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावीत. १९९० मध्ये त्या वारल्या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या नात्याने हा पर्वत आमच्या भावकीतला आहे, असे मी म्हणेन.

या नावाशेजारी पृथ्वीवरील सर्वोच्च शिखर ठेवून पाहावे. भारतीय सर्वेक्षण खात्यात राधानाथ शिकदार हे मुख्य 'कॉम्प्युटर' होते. पंधरा क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच आहे, हे १८५२ च्या सुमारास ज्या आकडेमोडीतून निघाले ती त्यांच्या कचेरीतील. १८६५ मध्ये शिखराला नाव मिळाले ते निवृत्त झालेल्या साहेबाचे, एव्हरेस्टचे. शिकदार जन्माने ब्राह्मण. पण साहेबाच्या दरबारात तेही 'देशी'च. त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८४३ मध्ये खात्यातील हमालांना एका गोऱ्या मॅजिस्ट्रेटने वेठीला धरले तेव्हा त्यांनी उघड विरोध केला आणि त्यापायी २०० रुपये दंड भरला. पृथ्वीवर आकडेमोड करणाऱ्याचे नाव शिखराला लागले नाही. चंद्रावर ते लागले. मधल्या दीडशे वर्षांत काळ्या माणसांनी जो लढा दिला त्याची ही नोंद आहे.

याचा अर्थ चंद्रावर सगळा न्यायच आहे असा नव्हे. संघाचा नियम आहे की राजकीय, लष्करी वा धार्मिक महत्त्वाचे नाव द्यावयाचे नाही. एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या राजकीय व्यक्तींचा तेवढा अपवाद. नियम दिसायला निःपक्षपाती आहे, आणि लांग्रेनच्या राजेशाहीनंतर तो हवाही होता. परंतु विचार करा. जुना राजा अपवादात बसतो. आणि ज्या समाजांना एकोणिसाव्या-विसाव्या शतकातच प्रथम बोलता आले, त्यांची मोठी माणसे 'राजकीय' ठरतात. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणारे बाबासाहेब विद्वान होते. पण त्यांची विद्वत्ता आणि त्यांचे राजकारण यांची फाळणी कोण करणार? ज्याला पाण्यासाठी लढावे लागते त्याला निव्वळ विद्वान राहण्याची चैन परवडत नाही.

धर्माच्या बाबतीत हा नियम किती लवचीक आहे तेही दिसले. चांद्रयान-३ चे यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी जेथे उतरले त्या जागेला 'शिवशक्ती' हे नाव १९ मार्च २०२४ रोजी मंजूर झाले. 'भारतीय पुराणकथेतील शब्द' म्हणून ते सूचीत बसले. अपोलो हाही ग्रीकांचा देवच आणि चिन्यांनीही आपल्या दंतकथा नेल्याच, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. माझा प्रश्न निराळा आहे. त्या यानामागे हजारो माणसांचे श्रम होते. त्या सर्वांच्या वतीने एक नाव निवडताना भारताच्या अनेक परंपरांपैकी एकच परंपरा 'भारतीय' म्हणून पुढे यावी, हे सवयीने होते. ही सवय पृथ्वीवरची आहे. यानाबरोबर ती वर गेली.

आणि पृथ्वीवर? कामोठ्यात आम्ही सेक्टरच्या आकड्यांत राहतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीकाठच्या गावांच्या शेतजमिनी गेल्या आणि शेतांची, बांधांची, खाजणांची नावे आकड्यांखाली गाडली गेली. आमच्या रेल्वे स्थानकाचे नाव मानसरोवर. हिमालयापलीकडचे सरोवर येथे आणले, पण येथल्या शेताचे नाव सापडले नाही. जवळच विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून सपाट केली. त्या विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये भूमिपुत्र हजारोंनी रस्त्यावर आले. जमीन गेल्यावर माणूस निदान नाव मागतो. आणि महाराष्ट्रातील गावोगावच्या महारवाडा, मांगवाडा या वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय सरकारने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे चंद्रावर जातविरहित दिलीप लिहिला गेल्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

या सर्व इतिहासातून मी जो निष्कर्ष काढतो तो असा. चंद्रावर नाव देण्याचा अधिकार आधी राजाच्या नोकराकडे होता, मग धर्मगुरूकडे, मग दुर्बीण बाळगणाऱ्या सधन माणसाकडे. आज तो कायद्याने कोणाचाच नाही आणि व्यवहारात तो त्या भूमीचा अभ्यास करणाऱ्याचा आहे. अर्ज करून, विनवण्या करून तेथे नाव जात नाही. साहांचे गेले ते गणिताने, मेल्बा माउटनचे गेले ते गणिताने आणि त्यांच्या लोकांच्या लढ्याने. म्हणून आमच्या वस्तीतील मुलामुलींच्या हाती कवितेच्या वहीबरोबर गणिताची वहीही असली पाहिजे. नामांतराच्या लढ्याने आम्हाला आमचे नाव दारावर लावायला शिकविले. दुसऱ्या भूमीवर नाव लिहिणाऱ्यांत बसायचे तर तिचा नकाशा करणाऱ्यांत आधी बसावे लागेल. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे अजून पुष्कळ डोंगर बिननावाचे आहेत.